बागेत घुसलेले परके गांडूळ आणि चपटकृमी: ओळखायचे कसे, आवरायचे कसे?

कुंडीतलं_रान

मंडळी, बागेत सध्या दोन पाहुणे आलेत आणि दोघांबद्दल वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

पहिला: नव्याने आणलेल्या रोपाच्या कुंडीखाली सापडला. वीतभर लांब, दोऱ्यासारखा बारीक, पिवळट तपकिरी. पाठीवर लांबच लांब गडद रेघा. डोकं मात्र पसरट, अर्धचंद्रासारखं. अंग इतकं चिकट की काडीवर उचलला तर सुटता सुटेना.

दुसरे: पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली गांडूळच, पण भलतेच चपळ. हात लावला की सापासारखे सळसळतात आणि उसळी मारतात. एकाने तर शेपटीचा तुकडा तिथेच टाकून पळ काढला.

व्हिडिओ पाहिले तर निम्मे लोक सांगतात दिसेल तो मारा, निम्मे सांगतात गांडूळ आहेत म्हणजे नशीबवान आहात. हे दोन्ही एकाच कुळातले का? आणि करायचं काय? फोटो खाली जोडलेत, फारसे चांगले आलेले नाहीत.

झाडवेडी

गांडूळ आहेत ना? मग राहू द्या की. माती भुसभुशीत करतात, खत देतात. आपण उगाच प्रत्येक वळवळणाऱ्या गोष्टीला घाबरतो.

खुरपं

झाडवेडी, तुमचं म्हणणं दुसऱ्या पाहुण्याबद्दल कदाचित खरं ठरेल, पहिल्याबद्दल अजिबात नाही. ते गांडूळ नाहीच.

फोटो धूसर आहेत, पण अर्धचंद्र डोकं आणि पाठीवरच्या रेघा दिसतायत, तेवढं पुरे. हा हॅमरहेड (हातोडीसारख्या डोक्याचा) चपटकृमी, बहुतेक बायपॅलियम केवेन्से. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, याच्या अंगावर एकही नाही. गांडूळ माती खातो, हा गांडूळच खातो. म्हणजे नात्याने दूरचा आणि व्यवहाराने वैरी.

याची जन्मकथा मजेशीर आहे. मूळ आग्नेय आशियातला, पण शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं ते १८७८ मध्ये, लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून. नावातलं केवेन्से ते क्यूवरूनच. म्हणजे शास्त्राला ओळख पटायच्या आधीच स्वारी कुंडीत बसून समुद्र ओलांडून गेली होती. आजही ती याच मार्गाने फिरते: कुंडी, कुंडीतली माती, मुळांचा गोळा. स्वतःच्या बळावर एका बागेतून दुसऱ्या बागेत जायला तिला फार वेळ लागेल, आपण मात्र गाडीत घालून नेतो.

खाण्याची पद्धत जरा किळसवाणी आहे, जेवत असाल तर पुढच्या परिच्छेदावर जा. तोंड डोक्याला नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. गांडुळाच्या मागावर जायचं, त्याला चिकट स्रावाने जखडायचं, मग पोटातून घसा बाहेर काढून पाचक रस सोडायचे आणि विरघळलेलं ओढून घ्यायचं. गांडूळ आकाराने कितीतरी मोठा असला तरी सुटत नाही.

दिवसा हा ओल्या सावलीत लपतो: कुंडीखाली, दगडाखाली, लाकडी फळीखाली, पाचोळ्यात. कोरडेपणा त्याला सोसत नाही. रात्री आणि पावसानंतर बाहेर पडतो. शोधायचा असेल तर टॉर्च घेऊन तेव्हाच जा.

गोगलगाय

माझं टोपणनाव बघता या धाग्यावर जपूनच राहायला हवं असं दिसतंय :)

हा विषारी असतो असं वाचलंय, खरं का? घरात लहान मुलं आहेत, मांजर आहे.

उंटावरचा_शहाणा

एवढी चर्चा कशाला? फावडं घ्या, तीन तुकडे करा, विषय संपला.

खुरपं

>>तीन तुकडे करा, विषय संपला<<

विषय संपत नाही, तिप्पट होतो! बायपॅलियम केवेन्सेची वंश वाढवायची मुख्य रीतच ती आहे. शेपटीचं टोक मातीला चिकटवून ठेवायचं आणि बाकीचं अंग पुढे ओढून तुकडा तोडायचा. तो तुकडा लगेच चालू लागतो आणि साधारण दहा दिवसांत त्याला नवं डोकं फुटतं. नर नको, मादी नको, अंडी नकोत. तुम्ही फावडं मारलंत तर त्याचं बाळंतपण सोपं केलंत इतकंच.

तो अखंड उचलायचा. चिमटा, काडी किंवा हातमोजे. मग झाकणाच्या बरणीत टाकून वर व्हिनेगर ओता, किंवा दाट मिठाचं पाणी, किंवा साबणाचं पाणी. काहीच हाताशी नसेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा. बरणीचं झाकण घट्ट लावा, हे प्राणी बारीक फटीतून निसटतात. मेल्यावर बांधून कचऱ्यात. कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, एखादा तुकडा जिवंत राहिला तर ऐन मेजवानीच्या जागी नेऊन सोडल्यासारखं होईल.

मीठ आणि व्हिनेगर बरणीत. वाफ्यात नाही. लोक किड्यावर रागावून वाफ्यात मूठमूठ मीठ टाकतात आणि मग झाडं का वाळली म्हणून धागा काढतात.

सूक्ष्मदर्शक

गोगलगाय यांच्या विषाच्या प्रश्नाबद्दल. हो, खरं आहे. २०१४ मध्ये बायपॅलियम केवेन्से आणि बायपॅलियम अ‍ॅडव्हेंटिशियम या दोन जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पफर माशात असतं तेच. जमिनीवर राहणाऱ्या बिनकण्याच्या प्राण्यात ते प्रथमच आढळलं. शिकार जखडायला आणि स्वतःचं रक्षण करायला त्याचा उपयोग होत असावा.

पण घाबरून बाग बंद करू नका. तो चावत नाही, डंख मारत नाही, अंगावर उडी घेत नाही. मात्रा लहान असते. उघड्या हाताने धरला तर त्वचेची आग होऊ शकते. लागलाच हात तर साबणाने धुवा आणि धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. मांजराने तोंडात धरला तर चवीमुळे बहुधा स्वतःच थुंकून टाकेल. गिळला आणि उलट्या होऊ लागल्या तर पशुवैद्याकडे न्या.

माझ्या मते विषापेक्षा काळजीची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या अँजिओस्ट्राँगायलस या परजीवीच्या अळ्या गोगलगाई आणि काही चपटकृमींच्या अंगात असू शकतात. असा प्राणी, अगदी त्याचं इवलंसं पिल्लूसुद्धा, कच्च्या पालेभाजीबरोबर पोटात गेलं तर त्या अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात. म्हणून बागेतली कच्ची खायची पानं एकेक सुटी करून, दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. लहान मुलांना गोगलगाई हातात घेऊन खेळू देऊ नका. (माफ करा गोगलगाय.)

गोगलगाय

माफ केलं. पानं धुण्याचं लक्षात ठेवते.

पानगळ

मी अशा ठिकाणी राहतो जिथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, त्यामुळे दुसऱ्या पाहुण्याबद्दल मी बोलतो. इथे बागकाम करणाऱ्या कुणालाही जंपिंग वर्म, म्हणजे हे उड्या मारणारे गांडूळ, म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात.

अमिन्थस अ‍ॅग्रेस्टिस, अमिन्थस टोकियोएन्सिस आणि मेटाफायर हिल्गेनडॉर्फी अशा तीन जाती बऱ्याचदा एकत्र सापडतात. मूळ जपान-कोरियाच्या बाजूच्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये (वृक्षउद्यानात) २०१३ मध्ये त्या सापडल्या, तेव्हापासून तिथल्या संशोधकांनी त्यांचा पाठलाग चालवलाय आणि आपल्याला माहीत असलेलं बरंचसं तिथूनच आलंय.

ओळख अशी. गळ्याजवळचा पट्टा बघा. नेहमीच्या युरोपीय गांडुळाचा पट्टा फुगीर असतो, डोक्यापासून बराच मागे असतो आणि पोटाच्या बाजूने पूर्ण वेढा घालत नाही. जंपिंग वर्मचा पट्टा दुधाळ पांढरट, अंगाच्या पातळीत सपाट, डोक्याच्या जवळ आणि अंगठीसारखा पूर्ण गोल. पण पट्टा फक्त वयात आलेल्या गांडुळालाच असतो, लहान पिल्लं ओळखणं कठीण.

त्याहून सोपी खूण माती. वरचा थर कॉफीच्या चोथ्यासारखा दाणेदार, सुटा, हाताने नुसता बाजूला सारता येईल असा झाला असेल तर संशय घ्या. दिसायला ही माती सुंदर दिसते, नवखा माणूस खूश होतो. पण ती ओल धरत नाही, पावसात वाहून जाते, आणि रोपाची मुळं तिच्यात पाय रोवू शकत नाहीत. हे गांडूळ खोल बिळं करत नाहीत. वरच्या थरातच राहतात आणि पाचोळा कुजायला वेळ न देता फस्त करतात. त्यातून सुटणारं अन्न झाडाला हवं तेव्हा मिळत नाही, आधीच वाहून गेलेलं असतं.

आयुष्य एका वर्षाचं. कडक थंडी पडली की मोठे सगळे मरतात. वाटतं, सुटलो! पण शरदातच त्यांनी मातीत अंड्यांचे कोष घालून ठेवलेले असतात, जेमतेम २-३ मिलिमीटरचे, मातीच्याच रंगाचे. ते बर्फाखाली आरामात तगतात. वसंतात माती साधारण १० अंशांवर आली की पिल्लं फुटतात, दोन-तीन महिन्यांत वयात येतात. वर यातल्या अनेक जाती एकट्यानेच, जोडीदाराशिवाय, कोष घालू शकतात. एक कोष बुटाच्या तळव्याला चिकटून आला तरी वसाहत उभी राहते.

झाडवेडी, इथे गांडूळ हा मित्र का नाही, तेही सांगतो. उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग हिमयुगात बर्फाखाली होता. बर्फ सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मागे हटला, तेव्हापासून तिथली जंगलं गांडुळांशिवायच वाढली. पाचोळा हळूहळू कुजायचा, जाड गालिचा साठायचा, त्यातच रानफुलं रुजायची, सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) राहायचे. तिथे युरोपातून आलेले गांडूळही परकेच, त्यांनीही गालिचा खाल्ला. हे नवे त्याहून जलद खातात.

झाडवेडी

हे माहीतच नव्हतं. गांडुळाशिवाय जंगल असू शकतं ही कल्पनाच कधी केली नव्हती. पण मग उपाय?

पानगळ

एकदा बसले की पूर्ण हद्दपार करायचा उपाय आज कुणाकडेच नाही. कमी करता येतात, इतकंच. अमेरिकेत घरच्या बागेत वापरायला यांच्यासाठी म्हणून मंजूर असलेलं औषधच नाही.

पहिलं काम तपासणी. साधारण ४ लिटर पाण्यात एक तृतीयांश कप मोहरीची पूड कालवायची. फूटभर चौरस जागेवरचा पाचोळा बाजूला करून त्यावर अर्धं पाणी सावकाश ओतायचं, थोडं थांबून उरलेलं. मोहरीने त्यांच्या त्वचेची आग होते आणि ते वर येतात. याने मरत कुणी नाही आणि झाडांनाही इजा होत नाही. सगळेच गांडूळ वर येतात, तेव्हा निवडून घ्या. नको असलेले साबणाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात, किंवा पिशवीत बांधून उन्हात. बाकीच्यांना साध्या पाण्याने खळबळून परत सोडा. कोषांवर मात्र मोहरीचा काडीचा परिणाम नाही.

कोषांवर चालते ती उष्णता. विस्कॉन्सिनच्या अभ्यासात ४० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवलेले कोष तगले नाहीत. म्हणून ऐन उन्हाळ्यात माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीने दाबायच्या आणि दोन-तीन आठवडे तसंच ठेवायचं. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं, खालची माती तितकी तापत नाही. थर्मामीटर खुपसून बघा, अंदाजावर राहू नका. आणि याने मातीतले चांगले जीवही मरतात, म्हणून सगळी बाग झाकत सुटू नका.

काही जण चहाच्या बियांची पेंड वापरतात. तिच्यातल्या सॅपोनिनने गांडूळ वर येऊन मरतात, पण त्यात चांगला-वाईट भेद नसतो आणि पाण्यात उतरलं तर मासे मरतात. मी तिच्या वाटेला जात नाही.

खुरपं

पानगळ यांची माहिती पक्की आहे, पण ती वाचून उष्ण प्रदेशातले वाचक फावडी घेऊन निघायच्या आत माझा एक आडवा हात.

तुमच्यातल्या ज्यांनी प्राणिशास्त्र शिकताना गांडूळ कापलाय त्यांनी आठवा: पुस्तकातला फेरेटिमा पोस्थुमा. पट्टा कुठे? चौदाव्या ते सोळाव्या वळ्यात. सपाट आणि पूर्ण गोल. म्हणजे जंपिंग वर्मची जी खूण वर दिलीय, तंतोतंत तीच! कारण तो त्याच गोतावळ्यातला आहे, आता त्याला मेटाफायर पोस्थुमा म्हणतात. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या मातीत या गोतावळ्यातले गांडूळ जुने रहिवासी आहेत. तेव्हा तिथल्या बागेत गोल पट्ट्याचा गांडूळ दिसला यात बातमी काहीच नाही.

दुसरं, उसळी. गांडूळखतात वापरतात तो पेरिओनिक्स एक्स्कव्हेटस हात लागताच असाच तडफडतो. जांभळट चमक असते त्याच्यावर. आशियातलाच, आणि खताच्या पेटीत अतिशय कामाचा. पावसाच्या आधी पेटीतून बाहेर निघायची खोड आहे, ती सोडली तर निरुपद्रवी. नुसता उड्या मारतो म्हणून त्याला मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझा नियम: गांडुळापेक्षा माती बघा. माती नेहमीसारखी ढेकळं धरते का? पाणी टाकल्यावर ओल राहते का? आच्छादन हंगामभर टिकतं की बघता बघता नाहीसं होतं? मातीची तक्रार नसेल तर गांडुळांबद्दल आपलीही तक्रार नसावी. जमीन गोठणाऱ्या प्रदेशात आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी मात्र पानगळ सांगतात तसं कडक राहावं.

कुंडीतलं_रान, तुमच्या आच्छादनाखालची माती कशी आहे ते सांगाल का? आणि पट्ट्याचा जवळून फोटो.

पानगळ

+१. संन्याशाचं पटलं. माझं सगळं थंड प्रदेशापुरतं समजावं.

ओली_माती

थोडी भीत भीत विचारते. मी गांडूळखताच्या पेटीसाठी गांडूळ विकत आणते. पाकिटावर आयसेनिया फेटिडा लिहिलेलं असतं, कधी आफ्रिकन. तेही परकेच की! ते बागेत सुटले तर?

सूक्ष्मदर्शक

आयसेनिया फेटिडा युरोपातला, आफ्रिकन म्हणतात तो युड्रिलस युजेनिए पश्चिम आफ्रिकेतला. दोघेही कुजत्या शेणाच्या, पाचोळ्याच्या जाड थरात राहणारे. साध्या मातीच्या वाफ्यात त्यांना पुरेसं खाणं मिळत नाही, युड्रिलसला थंडीही सोसत नाही. त्यामुळे बाग बळकावण्याइतका जोर सहसा दिसत नाही.

तरी पेटी आवरायची झाली तर उरलेले गांडूळ जंगलात, ओढ्याकाठी नेऊन सोडू नका. उत्तर अमेरिकेत मासेमारी करणाऱ्यांनी उरलेला गळाचा गांडूळ तळ्याकाठी टाकून टाकूनच कितीतरी जंगलांत त्यांचा शिरकाव झाला. हेतू दयेचा, परिणाम उलटा. त्यापेक्षा पेटीवाल्या दुसऱ्या कुणाला द्या.

आणि विकत घेताना पाकिटावरचं नाव मोघम असेल तर, किंवा जात एक सांगून चार निघाल्या तर, ते पाकीट नको. मिसळलेल्या मालातूनच नको ते घरात येतात.

वांगीवाला

अवांतर होतंय, पण किडा-कृमीचाच धागा आहे म्हणून. माझी रोपं दुपारी माना टाकतात, वाढ खुंटलीय, उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी. यातही कृमी असतात म्हणे?

खुरपं

असतात, पण डोळ्यांना दिसणारे नाहीत. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, मेलॉयडोगायनी. वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी ही त्यांची आवडती ठिकाणं.

आधी खात्री करा. शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात, त्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं असतं, निघत नाही. वांग्याच्या मुळांवर गाठी असतील तर शंकाच नको.

बाधित रोपं मुळांसकट काढा, कंपोस्टात नको. त्या जागी झेंडू दाट लावा आणि पूर्ण हंगाम राहू द्या, मग तिथेच मातीत गाडा. झेंडूच्या मुळांतल्या अल्फा-टरथायनिल या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात. कडेला चार झेंडू शोभेला लावून काही होत नाही, हे मी प्रत्येक धाग्यावर सांगतो. निंबोळी पेंड, भरपूर सेंद्रिय खत, प्रतिकारक वाण आणि वर पानगळ यांनी सांगितलेलं पारदर्शक प्लास्टिक, हे सगळं थोडं थोडं कामी येतं. पुढचं बोलायला वेगळा धागा काढा, तिथे येतो.

वांगीवाला

काढतो. धन्यवाद!

झाडवेडी

एक भाबडा प्रश्न. शेवग्याएवढ्या... नको, उपमा राहू दे. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंचा त्रास आहे. चपटकृमी गोगलगाई खातात ना? मग त्यांना गोगलगाईंवर सोडलं तर काट्याने काटा?

सूक्ष्मदर्शक

हा प्रयोग आधीच झालाय, आणि जगातल्या सर्वांत फसलेल्या प्रयोगांत त्याची गणना होते.

न्यू गिनीचा चपटकृमी, प्लॅटिडेमस मॅनोक्वारी. मॅनोक्वारी या गावावरून नाव, शास्त्रीय वर्णन १९६३ चं. साधारण ५ सेंटिमीटरचा, दोन्ही टोकांना निमुळता, काळसर तपकिरी, पाठीवर मधोमध एकच फिकट रेघ, पोट पांढुरकं. हातोडीसारखं डोकं वगैरे काही नाही. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईला आवरायला म्हणून त्याला प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर मुद्दाम सोडलं. त्याने त्या गोगलगाई खाल्ल्या खऱ्या, पण सोबत बेटांवरच्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या, छोट्या गोगलगाईही खाल्ल्या. आज तो जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जातींच्या यादीत आहे. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या काँ शहरातल्या काचघरात सापडला, २०१५ मध्ये फ्लोरिडातून नोंद प्रसिद्ध झाली.

काट्याने काटा काढायचा तर दुसरा काटा पुन्हा हातात यायला हवा. हा येत नाही.

थंड, ओल्या प्रदेशात तिसराच भाऊबंद आहे: न्यूझीलंडचा आर्थरडेंडियस ट्रायँग्युलेटस. १९६३ मध्ये बेलफास्टला सापडला आणि नंतर स्कॉटलंडभर पसरला. त्याचा रोख गांडुळांवर. गांडूळ घटले की कुरणात पाणी मुरेनासं होतं.

गोगलगाय

मी आता खरोखरच टोपणनाव बदलण्याच्या विचारात आहे.

उंटावरचा_शहाणा

फावड्याबद्दल बोलणं खाल्लं म्हणून गप्प बसेन असं वाटलं काय? एक व्यवहाराचा प्रश्न. रोज रात्री टॉर्च घेऊन फिरायला वेळ कुणाला आहे? सापळा बिपळा असतो का?

खुरपं

हा प्रश्न उत्तम. असतो. त्यांना दिवसा ओली, अंधारी, सपाट जागा हवी असते, ती आपणच द्यायची. जुनी फळी, जाड प्लास्टिकचा तुकडा किंवा ओलं पोतं मातीवर अंथरून वर दगड ठेवा. सकाळी उलटून बघा. खालच्या बाजूला चिकटलेले सापडतात, चिमट्याने उचला आणि बरणीत. फळीखालच्या मातीतही बघा. गोगलगाईही तिथेच जमतात, एका फेरीत दोन कामं.

आणि उलटही खरं: सापळ्याव्यतिरिक्त बागेत अशा जागा ठेवूच नका. कुंड्या थेट जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा विटांवर ठेवा. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्री पृष्ठभाग कोरडा राहील.

कुंडीतलं_रान

केवढी माहिती! फळी आजच टाकते.

खुरपं, आच्छादनाखालची माती ढेकळं धरते, मुळंही घट्ट आहेत. पट्ट्याचा फोटो वर चढवलाय. आणि पुढे नवी रोपं आणताना काय बघायचं?

खुरपं

फोटोतलं जांभळट झाक असलेलं ध्यान पेरिओनिक्ससारखं दिसतंय. फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, पण मातीची तक्रार नाही म्हणता, तर या गांडुळांना हात लावू नका.

नवं रोप आलं की बागेत नेण्याआधी कुंडीच्या तळाची भोकं बघा, मग रोप हळूच बाहेर काढून मुळांचा गोळा चौफेर बघा. चपटकृमी गोळा आणि कुंडी यांच्या फटीत बसतो. शक्य तिथे माती झटकून, मुळं बादलीत धुऊन आपल्या मातीत लावा. मातीसकट लावायचंच असेल तर काही आठवडे वेगळ्या जागी, ताटलीवर ठेवा आणि अधूनमधून उचलून बघा. धुतलेलं पाणी आणि माती वाफ्यात ओतू नका. रोपांची देवघेव करताना मातीसकट रोपापेक्षा बिया आणि फांदीची कलमं बरी.

पानगळ

यात अवजारांची भर. दुसऱ्याच्या बागेतून आल्यावर बूट, खुरपी, ढकलगाडीची चाकं घासून धुवा. कोष मातीत सहज दिसत नाहीत, चिखल दिसतो. तोच काढायचा.

सूक्ष्मदर्शक

आणि नोंद करा. आयनॅचरलिस्टसारख्या, प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर फोटो टाका: डोकं वरून, पूर्ण अंग, पोटाची बाजू, शेजारी मोजपट्टी. जमलं तर काचेच्या बरणीत ठेवून खालून फोटो घ्या. फ्रान्समध्ये हॅमरहेड चपटकृमी वर्षानुवर्षं लोकांच्या बागांत फिरत होते आणि शास्त्रज्ञांना पत्ताच नव्हता. प्राणिशास्त्रज्ञ झाँ-लू ज्युस्तिन आणि सहकाऱ्यांनी सामान्य लोकांनी पाठवलेले फोटो गोळा केले, तेव्हा २०१८ मध्ये ते चित्र पुढे आलं. काही नोंदी १९९९ पासूनच्या होत्या. परसबागेतल्या माणसाला दिसतं ते प्रयोगशाळेला उशिरा दिसतं.

ओली_माती

शेवटचं विचारते. बाहेरून तयार कंपोस्ट आणतो त्याचं काय? पोतं उन्हात ठेवलं तर चालेल?

पानगळ

विकणाऱ्याला विचारा की ढीग किती तापवला होता. नीट केलेल्या ढिगाचं तापमान ५५ अंशांवर जातं आणि तिथे किमान तीन दिवस टिकवतात. उघड्या रांगेत केलेला ढीग असेल तर पंधरा दिवस, तेही मधूनमधून उलटसुलट करत, कारण बाहेरचा थंड भाग आत जायला हवा. एवढं झालं असेल तर कोष वाचत नाहीत. मात्र नंतर तोच ढीग उघड्या मातीवर महिनोन्‌महिने पडून असेल तर खालून पुन्हा शिरतात.

पोतं उन्हात ठेवायचं तर जाड गठ्ठा नको, मधला भाग तापतच नाही. पारदर्शक पिशवीत पातळ थर पसरून ठेवा आणि थर्मामीटर अगदी मध्यात खुपसा. तिथे ४० च्या वर आकडा तीन दिवस टिकला की वापरा. ढगाळ दिवस धरू नका.

ओली_माती

रात्री तर उतरणारच ना आकडा? ते कसं मोजायचं?

पानगळ

रात्रीचा उतार धरूनच जास्त दिवस ठेवायचं. मी आठवडाभर कडक ऊन मिळेपर्यंत पिशवी हलवत नाही, आणि रोज संध्याकाळी आतला थर वरखाली करतो.